राखीव रकाना

"मी लिहिलेलं काहीही आज जगात कुठे चालत नाही," असं औलिस केर्तुला नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचा आणि वर हसायचा. मला ते हसणं कधीच आवडलं नाही. अर्धं आयुष्य त्याने फोनच्या कंपनीत घातलं होतं. मग ते फोन बनायचे थांबले आणि त्याचा सगळा कोड कुठल्याशा कपाटात कुलूपबंद झाला. नदीकाठच्या ज्या इमारतीत तो बसायचा तिथे आता दातांचे डॉक्टर बसतात. एकदा दाढ काढायला तो तिथे गेला होता. परत आल्यावर म्हणाला, "इर्या, खुर्ची माझ्याच खिडकीपाशी होती." तेव्हाही हसला.

आमचं ऑफिस फिनलंडमधल्या ओउलू शहराच्या टोकाला होतं. मालक म्यूनिकचे. ते एक कार्ड बनवायचे, संगणकात खोचायचं. चित्रं चाळायची आणि त्यातलं काय ते शोधायचं, एवढंच त्याचं काम, पण ते भयंकर वेगाने. ते कार्ड कर्नेलशी बोलणार कसं, हे ठरवायचं काम औलिसचं आणि माझं. खरं तर त्याचंच. मी त्याच्या शेजारच्या टेबलावर बसून त्याच्या चुका काढायचे, आणि त्या फारशा सापडायच्या नाहीत.

कर्नेल म्हणजे संगणकाच्या पोटातला कारभारी. मेमरीतली कुठली जागा कुठल्या प्रोग्रामला द्यायची हे तो ठरवतो. प्रत्येक प्रोग्रामला वाटतं की एक नंबरपासूनची सगळी घरं आपलीच. खरी घरं कुठे आहेत ते एकट्या कारभाऱ्याला ठाऊक. आमचं कार्ड पडलं गावाबाहेरचं, त्याला हे पत्ते कळायचे नाहीत. म्हणून प्रत्येक चित्र उचलून त्याच्या दारात नेऊन ठेवावं लागे. औलिसचं म्हणणं, ही हमाली कशाला? प्रोग्राम ज्या पत्त्याने आपली वस्तू ओळखतो तोच पत्ता कार्डाला देऊ, ते स्वतः जाऊन वाचेल. ऐकायला सोपं आहे. पण प्रोग्राम मध्येच मेला, त्याचं घर दुसऱ्याला मिळालं आणि कार्डाला कुणी सांगितलंच नाही, तर कार्ड परक्याच्या घरात शिरून लिहीत बसतं. हे न होऊ देणं हीच खरी मेहनत होती आणि त्यात त्याची वर्षं गेली.

हे कर्नेल कुणा एका कंपनीचं नाही. जगभरची माणसं ई-मेलने त्यात बदल सुचवतात, दुसरी माणसं त्याची सगळ्यांसमोर चिरफाड करतात, मग सुधारून पुन्हा पाठवायचं, पुन्हा चिरफाड. शेवटी त्या त्या भागाच्या राखणदाराला पटलं तर तो उचलून घेतो. आमच्या भागाचा राखणदार हार्मेन, हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनचा. सज्जन माणूस, पण त्याच्या हाताखालून काही पार होणं म्हणजे दिव्यच. आणि या सगळ्या भांडखोर लोकांना बांधून ठेवणारा एक नियम आहे. जे लोक वापरायला लागले ते मोडायचं नाही. जगात एकच माणूस वापरत असला तरी नाही.

औलिस त्या नियमाच्या अक्षरशः प्रेमात होता.

"कळतंय का तुला?" तो म्हणायचा. "इथे एकदा शिरलं आणि कुणी वापरायला लागलं, की बाहेर काढायची कुणाच्या बापाची हिंमत नाही. कंपनी बुडू दे, मी मरू दे. ते चालणार."

"तू मेल्यावर तुला काय फरक पडतो रे?"

"मेल्यावर नाही पडत," तो म्हणाला. "आत्ता पडतो."

त्याला हवं होतं ते एवढंच. पैसा नाही, पद नाही. आपलं काहीतरी टिकावं. एवढ्या साध्या इच्छेची मला तेव्हा गंमत वाटायची.

आता त्या रकान्याचं सांगते. प्रोग्रामला कार्ड हवं असलं की तो कर्नेलकडे मागणी करतो. मागणीत ठरलेले रकाने असतात. पत्ता कुठला, लांबी किती, नुसतं वाचायचं की लिहायचंही. शेवटी एक रकाना मुद्दाम मोकळा ठेवतात, पुढेमागे काही लागलं तर असावा म्हणून. तो राखीव. त्यात शून्यच असलं पाहिजे, आणि ते शून्य आहे का हे कर्नेलने तपासून दुसरं काही दिसलं तर मागणी परत पाठवली पाहिजे. का? तर तपासलं नाही तर लोक त्यात कचरा सोडतात. मुद्दाम नव्हे, गबाळेपणाने. पाटी न पुसता लिहायला घेतात आणि आधीचं काहीबाही त्या रकान्यात तसंच राहतं. आज त्याने काही बिघडत नाही. पण उद्या त्या रकान्याला अर्थ द्यायला जावं तर त्या कचऱ्यालाही अर्थ येतो आणि त्या लोकांचं चालतं काम मोडतं. म्हणजे तो रकाना कायमचा वाया.

हे आमच्यातलं शेंबडं पोरही जाणतं, आणि औलिसने तर त्याचा उच्छाद मांडला होता. दुसऱ्याचा कोड हातात आला की पहिला प्रश्न, "राखीव रकाना तपासलास?" ऑफिसच्या सौनात घाम गाळत बसलेल्या नव्या माणसालाही त्याने हे विचारलं आहे. तो बिचारा टॉवेल सावरत बाहेर पळाला.

तर डेन्मार्कची एक कंपनी होती, इस्पितळातल्या एक्स-रेची यंत्रं बनवणारी. त्यांना आमचं कार्ड हवं होतं. त्यांच्या प्रोग्रामरने नेमकी पाटी पुसली नव्हती. आमचं कर्नेल त्यांची प्रत्येक मागणी परत पाठवायचं. आमचा साहेब यार्को ह्युव्होनेन घाईघाईने औलिसच्या टेबलाशी आला.

"ती तपासणी तात्पुरती काढ."

"त्यांना सांग पाटी पुसायला. एका ओळीचं काम आहे."

"ती एक ओळ बदलायची तर त्यांना सगळी मंजुरी पुन्हा घ्यावी लागते. इस्पितळाचं यंत्र आहे ते. सोमवारी प्रात्यक्षिक आहे, औलिस. हे गिऱ्हाईक गेलं तर म्यूनिकवाले ओउलूचं दुकान बंद करणार, हे तुलाही माहितीये. मग कोण पाठवणार तुझे हे बदल हार्मेनला? तू घरी बसून?"

औलिस काही बोलला नाही. आमच्याकडे पुरुषांचं न बोलणं हा मोठा गुण समजतात. मला विचाराल तर तो आजार आहे. मग त्याने तपासणीच्या त्या दोन ओळी पुसल्या.

"पुढच्या फेरीत परत घालतो," तो मला म्हणाला. मी काही विचारलंही नव्हतं.

"तीच आवृत्ती हार्मेनलाही पाठवणारेस?"

"डेन्मार्कला एक आणि हार्मेनला एक असं ठेवलं तर घोळ होईल. तो काय लगेच घेतोय? दर वेळी पंचवीस खुसपटं काढतो. या वेळीही काढेल."

हार्मेनने खुसपटं काढली नाहीत. वर्षानुवर्षं नाकं मुरडणाऱ्या त्या माणसाने नेमकी तीच आवृत्ती उचलली. एका ओळीची मेल आली, "घेतलं. चिकाटीबद्दल आभार." राखीव रकाना त्याच्याही नजरेतून सुटला. औलिसच्या कामात तो तपासायचा असतो हे कुणाच्या डोक्यातच आलं नसेल.

औलिसने ती मेल वाचली आणि त्याचे कान लाल झाले. माझ्याकडे बघेना.

"दोन ओळी लिही त्याला," मी म्हणाले. "सांग, तपासणी राहिलीये, थांब, सुधारून पाठवतो."

"लिहितो."

"थांबेल तो. तुझा मान राखेल."

"थांबेल. पण कर्नेलच्या या खेपेच्या आवृत्तीची गाडी चुकेल. पुढची दोन-अडीच महिन्यांनी."

"मग चुकू दे की!"

"लिहितो म्हटलं ना, इर्या."

दुपारी यार्कोने स्ट्रॉबेरी लावलेला मोठा केक आणला. सगळे जमले, म्यूनिकहून पडद्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या. औलिसला पहिला तुकडा दिला. तो त्याने उभ्याउभ्या पूर्ण खाल्ला, बशी धुऊन ठेवली आणि घरी गेला. मेल त्याने लिहिली नाही. त्यानंतरही कर्नेलची नवी आवृत्ती लोकांच्या हाती पडेपर्यंत काही आठवडे होते. त्या दिवसांत ती तपासणी गुपचूप परत घालता आली असती. यार्को म्हणाला, डेन्मार्कची सही होईपर्यंत हात लावू नकोस. सही झाली तोवर आवृत्ती बाहेर पडली होती, आणि आता तपासणी घालणं म्हणजे डेन्मार्कचं चालतं काम मोडणं. मला औलिसचा इतका राग आला होता की आठवडाभर मी त्याच्याबरोबर जेवायलाही गेले नाही. पण त्याची बायको हेल्लेवी सांगायची, घरी तो शीळ घालत फिरायचा. त्याचं काहीतरी अखेर टिकणार होतं.

पुढच्या वर्षी कार्डाची नवी पिढी आली. जुन्या कार्डाला प्रोग्राम मेल्याचं कळायला क्षणभर उशीर व्हायचा. नव्याचा हात त्याच क्षणी आखडता येत होता. परक्याच्या घरात शिरण्याची भीती पुरती संपणार होती. पण प्रोग्रामने तसं मागायला हवं होतं, आणि मागायला जागा एकच. तो राखीव रकाना.

औलिसने तो वापरला. मी विचारलं, "आणि डेन्मार्कवाले?"

"एव्हाना पुसली असेल त्यांनी पाटी."

"विचारलंस?"

तो टाइप करत राहिला. मी यार्कोला विचारलं, यार्कोने डेन्मार्कला विचारलं, डेन्मार्कचं उत्तर आलं नाही. औलिसने पाठवलं. हार्मेनने घेतलं.

पाटी त्यांनी पुसली नव्हती. कर्नेलच्या सुधारणांना त्या मंजुरीची अट नव्हती, म्हणून इस्पितळांत नवी आवृत्ती चढली आणि त्यांच्या कचऱ्याला अर्थ आला. ऐन सकाळी यंत्रं जागच्या जागी थांबली. कुणाला इजा झाली नाही, देवाची कृपा. पण उपाशीपोटी, जीव मुठीत धरून आलेल्या लोकांना नर्सने घरी परत पाठवलं. त्यातल्या कुणाला त्या दिवशी काय कळायचं होतं आणि ते किती दिवस लांबलं, हा विचार मला अजून सुटत नाही.

हार्मेनने त्याच दिवशी औलिसचा बदल उपटून काढला. नियम म्हणजे नियम. त्याच्याबरोबर ती सुरक्षाही गेली. जगभरचे लोक वाचतात त्या ई-मेलच्या यादीवर त्याने लिहिलं, "पहिल्या आवृत्तीत राखीव रकाना तपासलेलाच नाही. औलिस, हे तू केलंस? तू?"

त्याखाली औलिसचं उत्तर होतं, "हो."

बस्स. यार्कोचं नाव नाही, सोमवारच्या प्रात्यक्षिकाचं नाव नाही. मी म्हटलं, "अरे, सांग ना काय झालं ते! सगळं स्वतःच्या डोक्यावर का घेतोस?"

"पुसलं माझ्या हातांनी," तो म्हणाला.

मग त्याने त्या फाइलीत रकान्याच्या वर एक सूचना लिहून पाठवली, "हा रकाना कधीही वापरू नये. यात काहीही असू शकतं." हार्मेनने ती मुकाट्याने घेतली. त्या सगळ्या कामातलं औलिसचं तेच शेवटचं वाक्य. पुढे दुसऱ्या देशांतल्या तरुण लोकांनी वेगळा, नवा रस्ता बांधला. त्यात सगळं जिथल्या तिथे होतं. औलिसचा जुना रस्ता मात्र बाजूला तसाच राहिला, कारण डेन्मार्कची यंत्रं त्यावरून चालत होती. नवशिक्यांना शिकवताना लोक तो दाखवायचे, असं करू नये म्हणून. एका भाषणात मी स्वतः ते ऐकलं. सभागृह हसलं. मी उठून बाहेर आले.

म्यूनिकवाल्यांनी ओउलूचं दुकान बंद केलंच, डेन्मार्कची सही असूनही. यार्कोला हेलसिंकीत नोकरी मिळाली, मला एका विद्यापीठात. औलिस आणि हेल्लेवी हाइलुओतो बेटावरच्या त्यांच्या लाकडी घरात कायमचे राहायला गेले.

परवाच्या नोव्हेंबरात हार्मेनची मेल आली. डेन्मार्कची शेवटची जुनी यंत्रं भंगारात गेली होती. "हा जुना रस्ता आता कुणी वापरत असेल असं वाटत नाही. वापरत असाल तर पुढच्या आवृत्तीआधी बोला. कुणीच काही बोललं नाही तर काढून टाकतो." ही आमच्यातली रीतच. वापरणाऱ्या एका माणसाने हात वर केला तरी पुरतं.

मी शनिवारी फेरी पकडून बेटावर गेले. समुद्र आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचे होते. हेल्लेवीने दार उघडलं.

"बरं झालं आलीस. औलिसला जरा समजाव. माझ्यापेक्षा त्या खोक्यालाच जास्त ऊब देतोय हा."

आतल्या खोलीत खिडकीखाली एक जुना संगणक घरघरत होता. झाकण काढलेलं. आमचं पहिलं कार्ड मी लगेच ओळखलं. खिडकीबाहेर पक्ष्यांसाठी दाणे टांगले होते आणि तिकडे तोंड केलेला एक कॅमेरा होता. कोणता पक्षी आला, किती आले, ते पडद्यावर आपोआप मोजलं जात होतं.

"जुन्या रस्त्यानेच?" मी विचारलं.

"जुन्याच," औलिस म्हणाला.

"कधीपासून?"

"इथे आलो तेव्हापासून. बंद केलेलं नाही."

"हार्मेनची मेल वाचलीस?"

"वाचली."

मला एकदम उत्साह आला, मूर्खासारखा. "मग लिही ना! तू वापरतोयस. हे खोटं नाही, सोंग नाही, रोज वापरतोयस. त्याला ठेवावंच लागेल. नियम आहे!"

"हो. ठेवावं लागेल."

"मग?"

तो खुर्चीत बसला. म्हातारा दिसत होता. "तो रकानाही ठेवावा लागेल," तो म्हणाला. "प्रोग्राम मेला तरी कार्ड क्षणभर लिहीत राहतं, तेही. माझ्यासाठी ठेवतील. मग कुणीतरी घाईत असलेला माणूस तोच रस्ता धरेल. सोमवारी प्रात्यक्षिक असलेला."

"त्यावर तुझी सूचना आहे की."

"सूचना कोण वाचतं, इर्या?"

मला रडू येत होतं आणि त्याचाच राग येत होता. "तुला नसेल लिहायचं तर मी लिहिते. दोन ओळी. एक माणूस वापरतो एवढंच सांगते."

"नको."

"अरे, तुझं एवढं एकच आहे!"

"माहितीये मला," औलिस म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज माझ्यावर चढला. मग लगेच उतरला. "माहितीये. नको लिहूस."

खिडकीबाहेर एक लाल छातीचा बुलफिंच येऊन बसला. पडद्यावर आकडा एकाने वाढला. औलिसने तो वाढलेला बघितला. मग वाकून त्याने संगणक नीट बंद केला, पंखा थांबायची वाट पाहिली आणि तार भिंतीतून काढून हातावर गुंडाळून ठेवली. एवढ्या वर्षांत त्या खोलीत पहिल्यांदाच शांतता झाली असावी.

"वीज गेली का रे?" स्वयंपाकघरातून हेल्लेवीने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "आहे."

तिने दारात येऊन खोक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. नेहमीचा टोमणा तिने मारला नाही. कॉफी ओतली, वेलदोड्याचा गोड पाव कापला, आणि आम्ही तिघं फेरीची वेळ होईपर्यंत बेटाकडे होऊ घातलेल्या नव्या पुलाबद्दल बोलत बसलो.

यादीवर कुणीच काही बोललं नाही. ख्रिसमसच्या आत हार्मेनने सगळं काढून टाकलं, सूचनेसकट. त्याची मेल छोटीच होती. त्यात कुणाचं नाव नव्हतं.

मी औलिसला फोन केला.

"वाचलं," तो म्हणाला. मी पुढचं विचारायच्या आधीच.

"बरा आहेस ना?"

बराच वेळ फोनवर काही ऐकू येईना. मला वाटलं, नेहमीसारखा गप्प बसलाय.

"थांब," तो हळूच म्हणाला. "पक्षी आलेत. आता मला मोजावे लागतात."